दुसरी प्रत

उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी घेऊन कुणी दुकानात आलं की पिशवीतून आधी बाहेर येतं ते कागदी पाकीट. त्यावर विकणाऱ्या दुकानाचा शिक्का असतो. कधी सांगलीचा, कधी बेळगावचा, कधी पुण्याचा. एखाद्या कोपऱ्यात शाईनं लिहिलेलं मालकाचं नाव असतं. ते सगळं बघून झालं की मी तबकडी काढतो आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो. काळी, नितळ चमक दिसली तर तिच्यावर सुई फार फिरलेली नाही. करडे पट्टे दिसले तर त्या घरानं ती मन लावून, पुन:पुन्हा ऐकलेली आहे. आणणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघत असतो. त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो, "दुर्मिळ आहे ना?"

हा प्रश्न ऐकण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यावरच मला लिहायचं आहे.

मी कोरेगावात रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवतो. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ आले, मग ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, मग मंडपवाल्यांचे मोठे अँप्लिफायर. काम बदलत गेलं तरी कान त्याच कामात राहिले. जुन्या तबकड्यांवरचा आवाज उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं ते गावातल्या काही वेड्या माणसांमुळे. त्यांच्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, मार्केट यार्डातले घेवड्याचे एक व्यापारी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, आणि अलीकडे साताऱ्याला गाणं शिकायला जाणारी एक मुलगी आहे. या सगळ्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ हवे असतात. मिळतील तेवढे, मिळतील तिथून.

कोरेगावात खाँसाहेबांचे एवढे भक्त कसे, असं कुणी विचारतं. पुणे-मिरज लोहमार्ग आमच्या स्टेशनावरून जातो. रहिमतपूर, कराड करत गाडी मिरजेला पोचते. खाँसाहेब जन्मले 1872 साली उत्तरेत, कैरान्याला; पण घर केलं ते मिरजेत, आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळच त्यांची कबर आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ बैठका होतात. आमची मंडळी जातात, रात्र जागवतात आणि पहाटेच्या गाडीनं परत येतात. येताना बहुतेक वेळा एखादा पत्ता घेऊनच येतात. बैठकीत शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी मामाकडे, कुणाच्या तरी माळ्यावर, एक पेटी आहे म्हणे!

आपल्या भागाचा खाँसाहेबांशी आणखी एक धागा आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स या दोघांना बावीस श्रुतींचा ध्यास होता. कुठला स्वर नेमका किती आंदोलनांचा, हे त्यांना मोजून हवं होतं. देवलांचं पुस्तक 1910 साली निघालं, क्लेमंट्स यांचं 1913 साली. त्यांनी श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली, तिच्यावरून 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मोठा वाद झाला. या सगळ्या खटाटोपात प्रत्यक्ष गळ्यातून स्वर लावून दाखवायला त्यांना लाभले ते अब्दुल करीम खाँ. ज्या गायकाचा गंधार आणि धैवत मोजपट्टी म्हणून धरला गेला, त्याच्या तबकड्या मी फिरवतो. हे एकदा मनात बसलं की हात आपोआप जपून चालतो.

खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं दोन काळांतली आहेत. पहिली 1905 च्या आसपासची, ग्रामोफोन कंपनीची. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणारा कर्ण्यात तोंड घालून गायचा, त्या हवेच्या धक्क्यानंच मेणावर रेघ उमटायची. आपल्याकडे तबकड्या छापायचा कारखानाही नव्हता. तो कलकत्त्याला 1908 मध्ये झाला. त्याआधी इथे मुद्रण करायचं आणि छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवायचं, असा प्रकार. त्यानंतर एकदम 1934 ते 37 मधली ओडियनची मुद्रणं. ती विजेवर चालणाऱ्या यंत्रानं केलेली, त्यामुळे आवाज भरीव, जवळचा. झिंझोटीची ठुमरी, जोगिया, वसंत, भैरवी, मानापमान नाटकातली पदं. लोकांच्या कानात जे खाँसाहेब आहेत, ते हे. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासजवळ सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर त्यांचं निधन झालं. म्हणजे आपण जो आवाज ऐकतो तो साठी ओलांडलेल्या माणसाचा.

मधली जवळजवळ तीस वर्षं कोरी आहेत. आर्य संगीत विद्यालय चालवत होते तेव्हाचे खाँसाहेब, आपल्या मुलांच्या, सुरेशबाबू आणि हिराबाईंच्या, लहानपणीचे खाँसाहेब, रामभाऊ कुंदगोळकरांना, म्हणजे सवाई गंधर्वांना, घडवणारे खाँसाहेब कसे गात होते, ते तबकडीवर नाही. गुरुजी कधी कधी म्हणतात, कुठल्या तरी ट्रंकेत त्या काळातली एखादी तबकडी निघेल. मी त्यांची आशा मोडत नाही. पण या क्षेत्रात नशीब केव्हा उलटं पडतं हेही माहीत आहे. गायक नट भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले, आणि कलकत्त्याच्या गायिका गोहरजाननं पहिली तबकडी दिली ती 1902 च्या नोव्हेंबरात. अवघ्या पावणेदोन वर्षांनी महाराष्ट्राचा लाडका भावड्या कायमचा निसटला.

आता तबकड्या सापडतात कुठे? वाड्यांत सापडतात, पण लोकांना वाटतं तेवढ्या नाही. वाडे वाटण्यांत मोडले तेव्हा पितळेची भांडी सगळ्यांनी घेतली, तबकड्यांना वाटेकरी निघाला नाही. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांपासून बनलेली ही चीज वजनाला जड, पडली की तुकडे, आणि पत्र्याखालच्या उन्हानं वाकणारी. भंगारवालाही नाखुशीनं न्यायचा. आमच्या भागात खरा साठा निघाला तो लाउडस्पीकरवाल्यांकडे. लग्नात, जत्रेत कर्णे लावणारी ही माणसं तबकड्यांच्या पेट्या बाळगायची. सनई, भक्तिगीतं, लावण्या, सिनेमाची गाणी यांच्या गठ्ठ्यात मधेच एखादी खाँसाहेबांची. कुणी तरी कौतुकानं दिलेली, किंवा गठ्ठ्याबरोबर आलेली. माझं अशा लोकांशी धंद्याचं नातं असल्यामुळे माझ्यासमोर पेट्या उघडल्या जातात. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार आहेच, पण तिथे माल पोचेपर्यंत त्याचं गाव पुसलेलं असतं. तबकडी कुठल्या घरातली, तिथे कुणी ऐकली, हे कळलं नाही तर मला ती अर्धी मिळाल्यासारखी वाटते.

मोठ्या शहरांतल्या संग्राहकांनी या कामाला शिस्त लावली, हे मान्य करायला हवं. 1990 साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, डॉ. सुरेश चांदवणकरांनी तिचं काम अनेक वर्षं वाहिलं. ऑस्ट्रेलियातले मायकल किनियर यांनी तर खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रणांची सूचीच केली. कोणती बाजू केव्हा मुद्रित झाली, कोणत्या क्रमांकानं निघाली, पुन्हा कोणत्या लेबलवर आली, हे अशा सूचींमुळे घरबसल्या ताडून बघता येतं. पण सूचीचा एक परिणाम आमच्या मंडळींवर मला दिसतो. नसलेल्या क्रमांकावर खूण करायची आणि तो मिळवायचा, मिळाला की पुढचा. असलेला क्रमांक पुन्हा कुणी दिला तर "आहे आमच्याकडे" म्हणून परत करायचा.

माझा सगळा आग्रह इथे आहे. परत करू नका. दुसरी प्रत घ्या, तिसरी घ्या.

कारण सांगतो. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरायची असते. डबीत सुया असायच्याच त्यासाठी. पण घरोघर एकच सुई दिवाळीपासून शिमग्यापर्यंत चालायची. बोथट सुई आणि वरून त्या जड साउंडबॉक्सचं वजन. तबकडीची चर खरवडली जाते. सगळीकडे सारखी नाही. गायक जिथे जोरात, उंच स्वरावर जातो तिथे चर जास्त वळणं घेते आणि तिथेच सुई भिंती कुरतडते. म्हणजे तार षड्जाची जागा आधी जाते. आणि जी बाजू लोकांना आवडली ती जास्त वाजली. कित्येक तबकड्या मी अशा बघितल्या आहेत की गाजलेल्या ठुमरीची बाजू राखाडी आणि उलटी बाजू नवीकोरी. सूचीप्रमाणे ती ठुमरी मुळीच दुर्मिळ नाही. ओडियनवर निघाली, पुढे कोलंबियाच्या लेबलवर आली, हजारो घरांत गेली. पण न झिजलेली प्रत शोधायला जा! सर्वांत लाडकं गाणंच धड ऐकू येत नाही, अशी अवस्था आहे.

झिजलेल्या प्रतींचा उपयोग नाही असं मात्र नाही. एका घराच्या ग्रामोफोनचा हात एका बाजूला झुकलेला, दुसऱ्याचा दुसऱ्या बाजूला. त्यामुळे एका प्रतीत चरीची आतली भिंत शाबूत असते, दुसरीत बाहेरची. माझ्याकडे वेगवेगळ्या जाडीच्या सुया आहेत. साधारण पंचाहत्तर मायक्रॉनची सुई या तबकड्यांना बसते. एलपीची सुई पंचवीसची, ती लावली तर चरीच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. थोडी जाड सुई लावली की ती वरच्या न झिजलेल्या भागावर चालते. मग एका प्रतीतून मधला आलाप स्वच्छ येतो, दुसरीतून तान. मी ते तुकडे जोडून एक "उत्तम प्रत" करत नाही. ते पाप वाटतं मला. प्रत्येक प्रत वेगळी उतरवतो, नाव लावून ठेवतो, ऐकणाऱ्यानं दोन्ही ऐकाव्यात.

धुण्याचंही एक शास्त्र आहे. कुणी कुणी उत्साहानं स्पिरिट लावून पुसून आणतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे सुताराला विचारलं तरी तो सांगेल. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं करणं, एवढंच.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो मधल्या भोकावर. कारखान्यात घाईनं पाडलेलं भोक पुष्कळदा मध्यावर नसतं. समजा ते केवळ एक मिलिमीटर सरकलं आहे. तबकडी फिरताना सुई आत-बाहेर झुलते, आणि स्वर प्रत्येक फेरीत एकदा वर, एकदा खाली जातो. बाहेरच्या कडेला हा फरक एक टक्क्याच्या आत असतो. लेबलच्या जवळ येऊ तसा वाढत दोन टक्क्यांपर्यंत पोचतो. आता प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सगळ्यांत लहान अंतर, किती? 80 ला 81, म्हणजे सव्वा टक्का. खाँसाहेबांनी आयुष्यभर जपलेली श्रुती एका मिलिमीटरच्या भोकानं मोडते, आणि तीही गाण्याच्या शेवटी, जिथे सगळं रंगात आलेलं असतं. ऐकणारा म्हणतो, जुनं रेकॉर्डिंग आहे, थोडं हलणारच. हलत ते नव्हते. म्हणून मी मधला खुंटा काढता येईल असं टर्नटेबल वापरतो. तबकडी ठेवायची, सुई टेकवायची, हाताचं झुलणं बघायचं, बोटानं केसभर सरकवायचं, पुन्हा बघायचं. हात स्थिर झाला की षड्ज स्थिर होतो. त्या क्षणी खोलीत बसलेले सगळे एकदम सावरून बसतात, न सांगता.

मग वेग. अठ्ठ्याहत्तर म्हणायचं, पण सुरुवातीच्या तबकड्या सत्तर ते ऐंशीच्या वरपर्यंत कुठल्याही वेगानं मुद्रित झालेल्या आहेत. चार फेऱ्यांचा फरक पडला तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर सरकतो. पांढरी एकचा गायक काळी एकमध्ये जातो. खाँसाहेबांची पट्टी मुळात उंच, त्यामुळे ऐकून चटकन चूक कळत नाही. इथे गुरुजींचा आणि त्या मुलीचा संवाद ऐकण्यासारखा असतो. ती संगणकावर षड्जाची आंदोलनं मोजते, एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या बाजू शेजारी ठेवून हार्मोनियमचा स्वर जुळतो का ते बघते. गुरुजी मिरजेचा तंबोरा जुळवून डोळे मिटून आकार ऐकतात. वेग जास्त असेल तर आकार बारीक आणि नाकात जातो.

"हे पळतायत," ते म्हणतात.

"गुरुजी, किती कमी करू?"

"थांब म्हणेपर्यंत."

ती हळूहळू कमी करते. ते थांब म्हणतात तिथला आकडा आणि तिचा हिशेबातला आकडा बऱ्याचदा अगदी जवळ येतात. जिथे येत नाहीत तिथे आम्ही दोन्ही आकडे लिहून ठेवतो.

रहिमतपूरच्या पलीकडल्या एका गावात जोगियाची प्रत असल्याचं कळलं. वाड्यातल्या आजींनी निरोप धाडला, "तबकडी उंबऱ्याभायेर जायाची न्हाई. तुमचं यंत्र काय आसंल ते हितं आणा." गेलो. सोप्यात सतरंजीवर सगळं मांडलं. वीज गेलेली, आणि साध्या इन्व्हर्टरवर अँप्लिफायर गुणगुणतो, म्हणून वीज येईपर्यंत बसलो. आजींनी तेवढ्यात चहा केला, मामंजी गाण्याचे शौकीन कसे होते, मिरजेला उरुसाला कसे जायचे, दिवाळीच्या पहाटे अभ्यंग झालं की हीच तबकडी कशी लागायची, ते सांगितलं. वीज आली. भोक जुळवलं, वेग लावला, जोगिया सुरू झाला. प्रत सुरेख होती. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आजी मात्र मान हलवत होत्या. "आवाज खाली बसलाय बगा. मामंजींच्या फोनोवर लई वर चढायचा."

मी विचारलं, फोनो आहे का अजून? माळ्यावर होता. खाली काढला, धूळ झटकली, चावी दिली. स्प्रिंग जिवंत होती. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी सरकवून घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या, मिनिटाला 82. वेगाचा स्क्रू जोरात असलेल्या टोकाला गंजून अडकला होता. या घरातले खाँसाहेब दोन पिढ्या जवळजवळ अर्धा स्वर वर गात आले होते, आणि आजींची दिवाळीची पहाट त्याच पट्टीत होती.

मी संग्रहासाठी योग्य वेगाची प्रत केली आणि आजींसाठी 82 ची वेगळी. गुरुजींना हे पटलं नाही. चुकीचे खाँसाहेब आपण होऊन का द्यायचे, असं ते वाटेत म्हणत राहिले. मला मात्र ती वेगळी प्रत देणं पटलं होतं. आजींनी आपली तबकडी आम्हाला वाजवू दिली. त्यांना त्यांचा जोगिया परत मिळायला हवा होता, आमचा नव्हे.

अलीकडे संगणकावर खरखर घालवायची सोय सगळ्यांकडे आली आहे. लोक मला ऐकवतात, "बघा किती स्वच्छ केलंय." खरखर जाते हे खरं. पण खाँसाहेबांचा आवाज जाड नाही. तो बारीक, हळवा, स्वराच्या शेवटी विरत जाणारा आहे. तो विरणारा शेवट आणि तबकडीची खरखर एकमेकांच्या अगदी लगत असतात, आणि यंत्राला त्यांतलं गाणं कोणतं ते कळत नाही. साफ केलेल्या प्रतीत स्वर कापल्यासारखा थांबतो. त्यातली मींडच संपते. भीमसेन जोशी लहानपणी खाँसाहेबांच्या तबकड्यांनी वेडे झाले, ते खरखरीसकट. म्हणून माझा नियम असा की मूळ उतरवलेली प्रत जशीच्या तशी ठेवायची. ज्याला साफ करायची त्यानं आपली वेगळी करावी.

आमच्याकडे आता बऱ्यापैकी साठा झाला आहे. घेवड्याचे व्यापारी एक तबकडी कपाटाच्या काचेआड ठेवतात, 1905 च्या आसपासची, एकाच बाजूला गाणं असलेली. पाहुण्यांना ती आधी दाखवतात, आणि त्यांचा अभिमान मला समजतो. पण ती वाजवली की कर्ण्यातला लांबचा आवाज येतो, कडा झिजलेल्या, शब्द पुसट. इतिहास म्हणून ती अमोल आहे. मला खाँसाहेब भेटतात ते मात्र मंडपवाल्याच्या पेटीतून निघालेल्या कोलंबियाच्या एका साध्या प्रतीत, जिला सूचीत कुणी विचारत नाही.

म्हणून कोरेगावात, साताऱ्याकडे, सांगली-मिरजेकडे कुणाच्या घरी तबकड्या असतील, आणि "ही तर सगळ्यांकडे असते" असं म्हणून त्या बाजूला पडल्या असतील, तर कृपा करून टाकू नका. उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. खालच्यांवर भार पडतो. ऊन लागू देऊ नका. आम्हाला कळवलंत तर आम्ही येऊ, तुमच्याच सोप्यात बसून उतरवून घेऊ, तबकडी तुमच्याकडेच राहील. विशेषतः जोगिया आणि झिंझोटी. करडी पडलेली असली तरी चालेल. आमच्याजवळच्या प्रतींत तार षड्जाची एक जागा अजून कुठेच नीट मिळालेली नाही, आणि तुमच्या मामंजींचा फोनो कुठल्या बाजूला कललेला होता ते ऐकल्याशिवाय कळत नाही.